सीताफळं आणि दोनशे पत्रिका

निकाल लागायच्या आधीच मी दोनशे लग्नपत्रिका छापून आणल्या.

लग्न माझ्या मुलीचं होतं, निकाल दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाचा होता आणि घाई फक्त माझी होती. मुलीचं नाव सुजाता. तिला जिच्याशी लग्न करायचं होतं तिचं नाव लावण्या. हे वाक्य वाचून तुम्ही क्षणभर थांबला असाल तर संकोच नको. मला या वाक्यापर्यंत पोचायलाच सहा वर्षं लागली होती.

परवा कुकटपल्लीच्या चौकात सीताफळांच्या टोपल्या दिसल्या आणि त्या पत्रिका पुन्हा डोळ्यांपुढे आल्या. त्या छापल्याला आता दोन वर्षं झाली. हैदराबादेत सीताफळ विकणारी बाई पहिल्यांदा वजन विचारत नाही, "कब खाना है" म्हणून विचारते. आज खायचं, उद्या खायचं, परवा खायचं, अशा तिच्या टोपलीत तीन वाटण्या असतात. मी दरवेळी परवाचं घेतो आणि आजच अंगठ्यानं दाबून बघतो. बाईनं माझा हात बाजूला केला आणि म्हणाली, "दबाव नक्को साब, काला पड़ता." तिची माझी ओळख नाही. पण घरी येईपर्यंत मला वाटत राहिलं की कुणीतरी तिला माझ्याबद्दल सगळं सांगून ठेवलंय.

मी बौद्धाचार्य आहे. नोकरी वीज खात्यात केली आणि रविवारी विहारात लग्नं लावली. नांदेड, परभणी, बिदरकडून पोटापाण्यासाठी इकडे आलेल्या आमच्या लोकांच्या निम्म्या संसारांची सुरुवात माझ्या आवाजानं झाली आहे. आमच्यात लग्नाला मुहूर्त नाही, होम नाही. पांढरे कपडे, त्रिशरण, पंचशील, मग नवऱ्याच्या पाच प्रतिज्ञा आणि नवरीच्या पाच. एकदा मी नवऱ्याच्या नवरीला दिल्या आणि नवरीच्या नवऱ्याला. त्यानं भर मांडवात घर नीट सांभाळण्याची शपथ घेतली, तिनं त्याचा कधी अपमान न करण्याची. कुणाच्या लक्षात आलं नाही. तो संसार माझ्या माहितीतला सगळ्यात सुखाचा आहे. ही चूक मी वर्षानुवर्षं विनोद म्हणून सांगत आलो. तिच्यात काही शिकण्यासारखं असेल हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

सहा वर्षं मी लावण्याला सुजाताची रूममेट समजत होतो. दोघींनी मिळून भाड्यानं घर घेतलं होतं. लावण्या वरंगलची, ज्युनियर कॉलेजात गणित शिकवते. मला ती फार आवडायची, म्हणून मी तिच्यासाठीसुद्धा स्थळं सुचवायचो. एका रविवारी तर दोन सख्खे भाऊच घेऊन त्यांच्या घरी पोचलो, म्हणजे मैत्रिणी मैत्रिणी जावा होतील, वेगळं व्हायला नको. सगळ्यांनी चहा घेतला. भाऊ लाजत होते. लावण्या उठून गॅलरीत गेली आणि तिचे खांदे हलताना दिसले. मला वाटलं, पोरगी भावुक झाली. ती हसत होती. सुजाता हसत नव्हती. पाहुणे गेल्यावर तिनं मला बसवून घेतलं आणि सांगितलं. मी म्हणालो, बरं. मग बसनं घरी आलो आणि सुलोचनेला, म्हणजे माझ्या बायकोला, हे कसं सांगावं याची तयारी करत चप्पल काढली. ती म्हणाली, "सांगितलं का तिनं? मला तीन वर्षं झाली."

ज्या वर्षी मी पत्रिका छापल्या, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात अशा लग्नांना कायद्याची मान्यता द्यावी का, यावर दिल्लीत सुनावणी चालली होती. ती थेट दाखवत असत. मी कूलरपुढे बसून मोबाइलवर ऐकायचो. त्यातलं निम्मं कळत नसे, पण वकील बोलायला उभा राहिला की हा आपला की त्यांचा एवढं मी ओळखायला लागलो होतो, क्रिकेटसारखं. संध्याकाळी टीव्हीवर वाद. पडद्यावर सात चौकोन आणि सातही चौकोनांतली माणसं एकाच वेळी संस्कृतीची काळजी करणारी. कुणी म्हणे हे शहरातल्या श्रीमंतांचं खूळ आहे. मी टीव्हीला ओरडून सांगायचो की बाबा रे, माझी पोरगी बसपास काढून ऑफिसला जाते. टीव्ही ऐकत नसे. सुलोचना आतून म्हणायची, आवाज कमी करा. टीव्हीचा की माझा, ते मी कधी विचारलं नाही.

त्याच उन्हाळ्यात लावण्याचं अपेंडिक्स सुजलं. कोठी भागातल्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, लगेच कापावं लागेल, सही करा. फॉर्मवर एक चौकोन होता : रुग्णाशी नातं. सुजातानं लिहिलं, मैत्रीण. काउंटरवरच्या माणसानं अगदी सभ्यपणे ते खोडलं आणि विचारलं की बाप, भाऊ, नवरा, कोण आहे. तो उद्धट असता तर मला भांडता आलं असतं. शेवटी वरंगलहून लावण्याच्या भावाला बोलावलं. चार वर्षं तो बहिणीशी बोलत नव्हता. बसनं आला, सही केली, पाणीही न पिता बाहेर जाऊन उभा राहिला. तोवर लावण्या पोट धरून पडलेली. जी तिच्यासोबत रोज जेवत होती ती बाकावर बसून होती आणि ज्याला तिचं वजनसुद्धा ठाऊक नव्हतं त्याची सही चालली. मी सुजाताशेजारी बसलो आणि काहीतरी धीराचं बोलावं म्हणून म्हणालो, निकाल लागू दे, मग बघतो हे कसे सही घेत नाहीत. 

पावसाळा सरता सरता दोघी घरी आल्या. सुजाता म्हणाली, पप्पा, आम्हाला लग्न करायचंय, विहारात, आणि तुम्हीच लावायचं. लावण्या खाली बघत होती, वर्गातल्या पोरांना गप्प करणारी बाई.  आनंद झाला की माझं तोंड सुटतं, हा माझा दोष. मी म्हणालो, जरूर लावतो, फक्त निकाल लागू दे. एकदा कायद्याचा शिक्का बसला की असं थाटात लावू की अख्खं हैदराबाद बघेल. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मला त्या क्षणी मी फार मोठ्या मनाचा वाटलो.

मग मी कामाला लागलो. पहिली अडचण प्रतिज्ञांची. पाच नवऱ्याच्या, पाच नवरीच्या, आता कुणी कुठल्या म्हणायच्या? मी वही घेऊन सुजाताकडे गेलो आणि सरळ विचारलं, तुमच्यात नवरदेव कोण?

 ती म्हणाली, "कशाला पप्पा, घोडा सांगून ठेवलाय का?" आमच्यात घोडा नसतो हे मी तिला समजावून सांगू लागलो. तिनं वही ओढून घेतली. इंग्रजी शाळेत शिकलेली, मराठी बोट लावून वाचते. दहाही प्रतिज्ञा अशा बोट लावून वाचल्या आणि म्हणाली, दहाही दोघी म्हणू, यात न जमण्यासारखं काय आहे. स्वयंपाकघरातून सुलोचनेनं विचारलं, "मग मला तेव्हा पाचच का दिल्या होत्या?" 

गौलीगुड्याच्या गल्लीत युसुफभाईंचा छापखाना आहे. त्यांना मराठी वाचता येत नाही, पण आमच्या पत्रिका छापून छापून कुठला शब्द कुठं बसतो हे त्यांना पाठ आहे. मजकूर देऊन मी बस स्टँडपर्यंत पोचलो नाही तोच त्यांचा फोन. म्हणाले, गुरुजी, दोन्हीकडे मुलींचीच नावं आलीत, मुलाचं राहून गेलंय. मी म्हणालो, राहिलं नाही, नाहीच आहे. पलीकडे यंत्राचा खडखडाट ऐकू येत राहिला.  मग युसुफभाई म्हणाले, "ठीक है. कागज कौन सा लगाऊँ, सादा की चमकी वाला?" या सगळ्या प्रकरणात कुणी मला विचारलेला हा सगळ्यात समजूतदार प्रश्न होता.

मी चमकीवाला सांगितला. आणि आणखी एक गोष्ट सांगितली. पत्रिकेच्या मधोमध एक ओळ लाल शाईत, ठळक हवी : "मा. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार संपन्न होणाऱ्या या मंगल परिणयाचे विधिकर्ते आयु. सोनकांबळे गुरुजी." मुलींची नावं साध्या काळ्या शाईत, त्याहून थोडी बारीक. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. तेलंगणातलं असं पहिलं कायदेशीर लग्न मी लावणार होतो. माझा फोटो कुठल्या पानावर येईल याचाही मी विचार करून ठेवला होता.

निकालाचा दिवस सीताफळांच्या ऐन बहरात आला. इथं तेव्हा बतुकम्माचा सण असतो. बायका फुलांचे थर रचतात, खाली रुंद, वर निमुळते, आणि संध्याकाळी टाळ्या वाजवत भोवती फेर धरतात. त्यात कुरडूचे तुरे असतात, तरवडाची पिवळी फुलं असतात. आमच्या गावाकडं कुरडू तण म्हणून उपटून बांधावर फेकतात. इथं त्याला रंग देऊन मधोमध ठेवतात.

सकाळी मी टीव्ही लावला. पाच न्यायमूर्ती. पहिल्यांनी वाचायला सुरुवात केली आणि त्यांचे शब्द असे मऊ, असे समजूतदार की मी एकाचंच ऐकून वाघमाऱ्यांना फोन लावला. वाघमारे म्हणजे आमच्या विहाराचे सचिव, माझे तीस वर्षांचे मित्र. म्हणालो, जिंकलो, सभागृह पक्कं करा. ते म्हणाले, कोर्टानं हो म्हटलंय तर आमची ना नाही. मी आणखी तिघांना फोन केले. मग सुजाताचा मेसेज आला : पप्पा, थांबा, सगळं ऐका.

मी सगळं ऐकलं. लग्नाचा मूलभूत अधिकार कुणालाच नाही. कायदा करणं हे संसदेचं काम. सरकारनं समिती नेमावी, समितीनं बघावं. मला संताप आला तो नकाराचा नव्हता. नकार मी पाहिलेत. संताप आला तो आदराचा. एवढ्या आदरानं, एवढ्या सहानुभूतीनं, इतकी पानं लिहून त्या दोघींना सांगितलं की तुमचं दुःख आम्हाला कळतं, शेजारच्या खिडकीवर जा. आयुष्यभर सरकारी खात्यात काढलं मी. शेजारच्या खिडकीवर पाठवणाऱ्याचा चेहरा मला ओळखता येतो, कारण तो माझाही होता.

वाघमाऱ्यांचा फोन दुपारी आला. म्हणाले, गुरुजी, आता कोर्टानंच नाही म्हटलं, आपण काय करणार. शिवाय आधीच लोक आपल्याकडं बोट दाखवायला टपलेले असतात, त्यात हे कशाला. मला त्यांच्यावर तुटून पडायचं होतं. तोंड उघडलं आणि एक गोष्ट लक्षात आली. कोर्ट हो म्हणालं तर हो, हे त्यांचं वाक्य नव्हतं. ते माझ्याकडूनच गेलं होतं, दोनशे प्रतींत, लाल शाईत.

संध्याकाळी मी पत्रिकांचा गठ्ठा घेऊन दोघींच्या घरी गेलो. का नेला, आजही सांगता येणार नाही. खाली आवारात बतुकम्मा चालली होती. लावण्या फेरात होती, सुजाता तिच्या मागं. पुढची एक बाई वळून लावण्याला विचारत होती की तुझं लग्न कधी. ती टाळ्या न चुकवता हसली. नंतर वर आल्या, घामेजलेल्या, केसांत झेंडूच्या पाकळ्या. मी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणालो, वाया गेल्या सगळ्या. आता कायदा होईपर्यंत थांबावं लागेल.

लावण्यानं एक पत्रिका उचलली. तिला मराठी वाचता येत नाही. लाल ओळीवर बोट ठेवून तिनं सुजाताला विचारलं, हे काय आहे. सुजातानं अडखळत वाचून तेलुगूत सांगितलं. लावण्यानं पत्रिका खाली ठेवली.

"अंकल, कोर्ट तो आज ना बोली. आप कार्ड छापे तभीच बोल दिए थे."

मी म्हणालो, म्हणजे काय. ती गणिताची बाई आहे, पायऱ्या पायऱ्यांनी सांगते. आम्ही तुमच्याकडे आलो तेव्हा लग्न मागितलं होतं. कायदा कोर्टाकडे मागत होतो, लग्न तुमच्याकडे. तुम्ही दोन्ही एकत्र केलं. ही एक ओळ नसती तर कार्ड आजही चाललं असतं. हे सगळं ती तिच्या दक्खनीत इतक्या शांतपणे बोलली की मी टेबलावरचं एक सीताफळ खायला घेतलं. बिया तोंडात असल्या की बोलावं लागत नाही.

गठ्ठा पुन्हा काखेत मारून परतताना बसमध्ये मला माझ्या आईबापांचं लग्न आठवलं. म्हणजे मी तिथं नव्हतो, पण ते ऐकत मोठा झालो. धम्म घेतल्यानंतरचं आमच्या गावातलं पहिलं लग्न. भट नाही, अंतरपाट नाही, दोन हार आणि पांढरं लुगडं. गावचा पाटील लांबून बघून म्हणाला होता, हे लग्न आहे का सभा. आईनं त्या सभेत पन्नास वर्षं काढली, पाच लेकरं वाढवली. तेव्हा माझ्या आज्यानं कुठल्या न्यायालयाची वाट बघितली होती? त्याला सहीसुद्धा येत नव्हती. आणि आजही गंमत बघा, मी लावलेलं प्रत्येक लग्न नोंदवायला गेलं की ते हिंदू विवाह कायद्याखालीच नोंदलं जातं. ज्या नावातून आम्ही बाहेर पडलो, कागद अजून आम्हाला त्याच नावानं हाक मारतो. कागद चुकतो, उशीर करतो, भलत्याच खिडकीवर पाठवतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असायला हवं होतं? आणि मीच पोरीला म्हणालो, कागद येऊ दे.

मी तेव्हा बस थांबवून परत जायला हवं होतं. गेलो नाही. उद्या जाऊ म्हटलं. उद्या वाघमारे काय म्हणतील हे आठवलं. मग आठवडा गेला, मग सीताफळं संपली. ही चूक विनोद म्हणून सांगता येत नाही, म्हणून मी ती पत्रिकांच्या चुकीखाली लपवून सांगतो. लोक पत्रिकांवर हसतात आणि मी सुटतो.

दोन वर्षांत काय झालं? शिधापत्रिकेवर अशा जोडप्यांना एकाच घरातलं मानायला हरकत नाही, असं मध्ये सरकारनं सांगितलं. म्हणजे तांदूळ एकत्र चालेल. दवाखान्यातला तो चौकोन तिथंच आहे. उद्या लावण्याचं पोट पुन्हा दुखलं तर पुन्हा वरंगलची बस. मी मोबाइलवर बातम्या बघतो, चिडतो, मोबाइल उलटा ठेवतो. आणि सुलोचना त्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी करते. मी दुकानात खिशातून यादी काढतो तेव्हा एका बाजूला तूरडाळ, चिंच, रिन साबण आणि दुसऱ्या बाजूला माझं नाव, चमकीसकट. 

परवाच्या रविवारी दोघी सकाळीच आल्या, पिशवीभर सीताफळं घेऊन. सुजातानं आईला विचारलं, किती उरल्यात. सुलोचनेनं ड्रॉवर उघडून मोजल्या. छत्तीस. पुरे झाल्या, सुजाता म्हणाली, आम्हाला एवढेच लोक हवेत. पुढच्या महिन्यात, त्यांच्या घराच्या गच्चीवर, सकाळी. वाघमाऱ्यांना विचारायचं नाही, कुणालाच विचारायचं नाही. कागदावर काही बदलणार नाही हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. लावण्याचा भाऊ येणार नाही. हे लावण्यानंच सांगितलं आणि लगेच पट्टी मागितली.

मी सोफ्यावर बसून राहिलो, कुणीतरी मला काहीतरी विचारेल म्हणून. घसा साफ केला. म्हणालो, प्रतिज्ञांची वही मी जपून ठेवली आहे. स्वयंपाकघरातून सुलोचना म्हणाली, वही नको, मला पाठ आहेत, तीस वर्षं मागं बसून ऐकल्यात, दहाच्या दहा.

दोघी जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. सुजाता वर नवी तारीख आणि गच्चीचा पत्ता लिहून पत्रिका पुढं सरकवत होती. लावण्या पट्टी ठेवून काळ्या पेनानं ती लाल ओळ खोडत होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नीट, गणिताच्या वहीत मारतात तशी रेघ. मी एक पत्रिका उचलून बघितली. मुलींची नावं तशीच. चमकी तशीच. मी जितका जमला तितका मोठेपणा आणून म्हणालो, कोर्टाचं खोडलं ते योग्यच, पण माझं नाव कशाला खोडलं?

लावण्यानं मान वर केली नाही. पट्टी पुढच्या पत्रिकेवर सरकवली.

"हम क्या करें अंकल. आप उसीच लाइन में थे."